नेमेआ: गाव जुनं, वाईन जुनी, पण नक्की किती जुनी?

ग्रीसमधल्या कुठल्याही वाईनच्या दुकानात रेड वाईनच्या कप्प्यासमोर उभे राहिलात की नेमेआ हे नाव दिसतंच. सोबत लेबलवर हरक्यूलिस नाहीतर सिंह नाहीतर दगडी खांब, आणि खाली हजारो वर्षांच्या परंपरेबद्दल एखादी ओळ. ते वाचून आपल्याला वाटतं की तिथे एक गाव आहे आणि तिथले लोक ट्रोजन युद्धाच्या आधीपासून तीच द्राक्षं लावतायत, तीच तुडवतायत, मध्ये काही झालंच नाही. प्रत्यक्षात मध्ये बरंच काही झालं. गाव उठलं, खोऱ्यात दलदल झाली, नाव हरवलं, खेळ बंद पडले, देवळाचे खांब पडले, आणि हे सगळं गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत लोकांनी ठरवून परत उभं केलंय. मला तरी अखंड परंपरेच्या गोष्टीपेक्षा ही जोडाजोडीची गोष्ट जास्त आवडते, म्हणून तीच जरा सविस्तर.

आधी नकाशा डोक्यात बसवू, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. अथेन्सहून पश्चिमेला निघायचं, कॉरिंथचा कालवा ओलांडायचा आणि त्रिपोलीकडे जाणारा हायवे धरायचा, साधारण 120 किलोमीटरवर नेमेआची पाटी येते. पण नेमेआ दोन आहेत. एक नेमेआ नावाचं छोटं शहर, तिथे बाजार, बँका, वायनरी. आणि त्याच्या पूर्वेला काही किलोमीटरवर आर्खेआ नेमेआ, म्हणजे प्राचीन नेमेआ, हे अगदी छोटं गाव, काही शे लोकांचं, ज्याच्या शेजारी झ्यूसचं देऊळ आणि जुनं स्टेडियम आहे. आता गंमत अशी की या दोन्ही जागांची ही नावं तशी अलीकडची आहेत. शहराचं नाव आधी होतं आयोस योर्योस, म्हणजे सेंट जॉर्ज, आणि गावाचं नाव इराक्लिओ, हरक्यूलिसवरून. आधुनिक ग्रीस देश तयार झाल्यावर सरकारने गावोगावची तुर्की, स्लाव्ह, ख्रिस्ती नावं काढून जुनी प्राचीन नावं परत देण्याचा सपाटा लावला होता, त्यात हे बदल झाले. शहराला प्राचीन नाव मिळालं, पण द्राक्षाने मात्र जुनं नाव सोडलं नाही, त्यावर पुढे येतोच.

दुसरा गैरसमज म्हणजे प्राचीन नेमेआ हे मोठं शहर असणार. तसं ते कधीच नव्हतं. ते झ्यूसचं क्षेत्र होतं, जत्रेचं ठिकाण म्हणा हवं तर, दर दोन वर्षांनी हजारो लोक यायचे, खेळ व्हायचे आणि मग खोरं पुन्हा रिकामं, देऊळ सांभाळणारे आणि गुरं चारणारे तेवढे मागे राहायचे. ऑलिंपिक सगळ्यांना माहीत असतं पण ग्रीसमध्ये अशा चार मोठ्या स्पर्धा होत्या, ऑलिंपिया, डेल्फी, इस्थमिया आणि नेमेआ. नेमेआचे खेळ इ.स.पू. 573 पासून सुरू झाले असं मानतात.

त्यामागची कथा सगळ्यांना वाटते ती हरक्यूलिसची, म्हणजे त्याने आपल्या बारा कामांपैकी पहिलं काम म्हणून नेमेआचा सिंह मारला ती. पण खेळांची मूळ कथा एका तान्ह्या मुलाची आहे. राजाला मुलगा झाला, ओफेल्टीस, आणि देवाचा कौल आला की हा चालायला लागेपर्यंत याला जमिनीवर ठेवायचं नाही. दाई हिप्सिपिली त्याला कडेवर घेऊन फिरायची. एक दिवस थीब्ज शहरावर चढाई करायला निघालेले सात सेनापती तिथून गेले, त्यांनी पाणी विचारलं, झरा दाखवायला म्हणून तिने बाळाला जमिनीवर रानटी सेलरीच्या, म्हणजे आपल्या अजमोदाच्या भाऊबंदांच्या, गादीवर ठेवलं आणि सापाने त्याला मारलं. त्या बाळाच्या अंत्यविधीचे खेळ म्हणजे नेमेआचे खेळ. म्हणून जिंकणाऱ्याला सोनंनाणं नाही, तर रानटी सेलरीचा मुकुट, आणि पंच काळ्या कपड्यात, सुतकात असल्यासारखे. क्रीडास्पर्धेचे पंच सुतकात, ही कल्पनाच मला भारी वाटते.

आता "अखंड" या शब्दाला पहिला धक्का प्राचीन काळातच बसला. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या शेवटी इथे मोडतोड झाली आणि खेळ शेजारच्या आर्गोस शहराने पळवले. मग साधारण इ.स.पू. 330 च्या सुमाराला, मॅसिडोनियाचं राज्य आल्यावर, खेळ परत आणले गेले आणि जोरात बांधकाम झालं, आज दिसतं ते देऊळ आणि स्टेडियम त्याच वेळचं. देऊळ बाहेरून डोरिक, म्हणजे साध्या जाड खांबांच्या पद्धतीचं, पण खांब नेहमीपेक्षा सडपातळ आणि उंच, दहा मीटरच्या वर. स्टेडियमची धावपट्टी प्राचीन 600 फुटांची, म्हणजे आताचे 178 मीटर, आणि खेळाडूंनी आत यायचं ते टेकडीखालून काढलेल्या 36 मीटर लांब कमानदार बोगद्यातून. त्या बोगद्याच्या भिंतीवर वाट बघत उभ्या असलेल्या पोरांनी नावं कोरून ठेवलीयत. एकाने लिहिलंय अक्रोतातोस देखणा आहे, आणि खाली दुसऱ्याने जोडलंय "लिहिणाऱ्याच्या मते". 2300 वर्षांपूर्वीची ट्रोलिंग! आणि एवढं सगळं बांधून पुन्हा साठेक वर्षांतच खेळ परत आर्गोसला गेले, ते कायमचेच.

पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस हा फिरस्ता लेखक इथे आला तेव्हा देवळाचं छप्पर पडलेलं होतं आणि आत मूर्ती नव्हती, हे त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे रोमन काळातच हे अवशेष होते. नंतर ख्रिस्ती शेतकऱ्यांनी इथे वस्ती केली आणि देवळाचेच दगड नेऊन शेजारी चर्च बांधलं. सहाव्या शतकाच्या शेवटी स्लाव्ह टोळ्यांच्या धामधुमीत ती वस्तीही संपली. मग नदीला वाट न मिळाल्याने खोऱ्यात पाणी साचून दलदल, मधली काही शतकं सोडली तर मुक्कामाला कोणी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी पाण्याला वाट काढून दिली तेव्हा जमीन पुन्हा कसायला मिळाली आणि आजचं गाव वसलं. थोडक्यात, "प्राचीन नेमेआ" नावाच्या गावातली घरं आपल्याकडच्या कित्येक वाड्यांपेक्षा नवी आहेत.

उत्खननाचं मोठं काम 1970 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने सुरू केलं, प्रमुख स्टीफन मिलर. मातीच्या वर द्राक्षमळे होते, ते लोकांकडून विकत घ्यायचे, मग खणायचं, असा प्रकार. बोगदा सापडला 1978 मध्ये, म्युझियम 1984 मध्ये उघडलं. शतकानुशतकं देवळाचे तीनच खांब उभे होते, बाकीचे आडवे पडलेले, चकत्या घसरून पडाव्यात तसे. त्या चकत्या मोजून, जुळवून, तुटलेल्या ठिकाणी नवा दगड बसवून खांब पुन्हा उभे केले आणि आता ते नऊ आहेत. आणि 1996 मध्ये खेळही सुरू झाले, यासाठी एक संस्थाच काढली गावकऱ्यांनी आणि अभ्यासकांनी मिळून. दर चार वर्षांनी जगभरातून कुणीही येऊन पळू शकतं, वयाचं बंधन नाही, रेकॉर्ड नाही, अनवाणी, अंगात पांढरा झगा, काळ्या कपड्यातले पंच, आणि सुरुवातीच्या रेषेवर दोऱ्या सोडणारं प्राचीन पद्धतीचं लाकडी यंत्र. मेडल वगैरे काही नाही, तोच सेलरीचा मुकुट. एक लांब पल्ल्याची साडेसात किलोमीटरची शर्यतही असते, शेजारच्या क्लिओनेमधल्या हरक्यूलिसच्या देवळापासून स्टेडियमपर्यंत.

हे झालं दगडांचं. आता वाईन.

प्राचीन काळी या भागात वाईन होत होती यात शंका नाही, पण तिचं नाव नेमेआशी नाही तर फ्लिउसशी जोडलेलं होतं. फ्लिउस हे आजच्या नेमेआ शहराजवळचं प्राचीन नगर. पॉसेनिअसने तिथली एक भन्नाट गोष्ट लिहून ठेवलीय. फ्लिउसच्या चौकात एक ब्राँझची शेळी होती, बरीचशी सोन्याने मढवलेली. का? तर आकाशातला शेळीचा तारा उगवला की द्राक्षवेलींचं सतत नुकसान होतं, म्हणून त्या ताऱ्याचा कोप होऊ नये यासाठी चौकातल्या शेळीची पूजा करायची आणि तिला सोनं चढवायचं. हा शेळीचा तारा म्हणजे आपला ब्रह्महृदय, सारथी तारकासमूहातला सगळ्यात तेजस्वी. ग्रीक लोक त्याला वादळपावसाचा तारा मानायचे. एका वाक्यात कळतं की तिथे द्राक्षावर लोकांचं पोट होतं आणि त्यांना भीती कशाची होती, तर ऐन हंगामातल्या हवामानाची. ही भीती आजही तशीच्या तशी आहे.

तेव्हाची वाईन आजच्यासारखी नव्हती हेही लक्षात ठेवा. अँफोरामध्ये, म्हणजे मातीच्या दोन कानांच्या उंच भांड्यात, आतून राळ लावून साठवायचे, आणि प्यायच्या आधी मोठ्या भांड्यात पाणी मिसळायचे. बिनपाण्याची पिणारा माणूस रानटी समजला जायचा. आज एखाद्या वायनरीत जाऊन नेमेआच्या रेड वाईनमध्ये निम्म्याहून जास्त पाणी ओतून बघा, मालक तुम्हालाच रानटी म्हणेल.

आज नेमेआ म्हणजे एकच द्राक्ष, आयोर्यितिको. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळते. नाव आलंय त्याच आयोस योर्योस गावावरून, म्हणजे हे नाव ख्रिस्ती काळातलं आहे, झ्यूसच्या काळातलं नक्की नाही. स्थानिक कथा मात्र सांगते की सिंह मारताना सांडलेल्या रक्ताने द्राक्षं लाल झाली, म्हणून या वाईनला "हरक्यूलिसचं रक्त" म्हणतात. मार्केटिंगला उत्तम कथा आहे. पण एक गोष्ट समजून घेतली की असल्या दाव्यांकडे बघायची नजर बदलते: द्राक्ष बी लावून वाढवत नाहीत, फांदीचं कलम लावतात, त्यामुळे एखादी जात टिकायची तर दर पिढीत कोणीतरी तिची फांदी कापून पुन्हा लावायला लागते. शतकानुशतकं कोणी राहतच नसलेल्या दलदलीत ही साखळी टिकत नाही. टिकली असेल तर आजूबाजूच्या डोंगरातल्या गावांनी, मठांनी टिकवली. म्हणजे श्रेय द्यायचंच तर शेतकऱ्यांना द्या, हरक्यूलिसला नको.

आता रेड वाईन बनते कशी ते पटकन. द्राक्षाचा रस बहुतेक वेळा पांढुरकाच असतो, लाल जातीचासुद्धा. रंग सालीत असतो. म्हणून रेड वाईन करताना द्राक्षं फोडून सालीसकट टाकीत ठेवतात, यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल तयार होतं, एका लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखरेतून 1 टक्का अल्कोहोल असा ढोबळ हिशोब, आणि याच दिवसांत सालीतून रंग आणि टॅनिन बाहेर येतं. टॅनिन म्हणजे कोऱ्या कडक चहाने जिभेला येतो तो तुरटपणा. आयोर्यितिकोची खासियत अशी की रंग गडद, पण टॅनिन मऊ, त्यामुळे वाईन पहिल्या घोटाला तोंड ओढून धरत नाही. नवख्या माणसाला ती आवडते याचं कारण हेच. तिचा कमकुवत कोपरा म्हणजे आंबटपणा, आणि इथे येतो डोंगर.

नेमेआचे मळे खोऱ्याच्या तळापासून, म्हणजे समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे-अडीचशे मीटरपासून, ते थेट साडेआठशे-नऊशे मीटरपर्यंत चढत जातात. दर 100 मीटरला हवा अर्धा-पाऊण अंशाने थंड होते, म्हणजे तळ आणि माथा यात चार अंशांचा फरक सहज पडतो, आणि वर रात्रीही गारठा असतो. द्राक्ष पिकताना उन्हाने साखर वाढते आणि गरम हवेत त्यातलं आम्ल जळून जातं. तळाच्या लाल चिकणमातीत, उन्हात पिकलेलं द्राक्ष गोड होतं पण त्याच्यात तरतरी राहत नाही, ते भरपूर पीकही देतं आणि भरपूर पीक म्हणजे पातळ चव. अशा द्राक्षांची साधी रोजची किंवा गोड वाईन बरी होते. मधल्या उतारांवर, जिथे कूत्सीसारखी गावं आहेत, तिथे साखर आणि आम्ल जुळून येतं, बरीच नावाजलेली वाईन या पट्ट्यातली. आणि अगदी वर, आस्प्रोकाम्पोसच्या बाजूला, द्राक्ष उशिरा पिकतं, आम्ल टिकतं, एखाद्या थंड वर्षी पूर्ण पिकतच नाही, तिथलं फळ ताज्या हलक्या वाईनला आणि रोझेला, म्हणजे गुलाबी वाईनला, चांगलं. एकच जात, एकच खोरं, आणि तीन वेगळ्या वाईन.

आता कायदा. ग्रीसने 1971 मध्ये, पुढे युरोपियन समुदायात जायचंय हे डोळ्यासमोर ठेवून, वाईनच्या नावांना संरक्षण द्यायला सुरुवात केली आणि पहिल्या काही नावांत नेमेआ होतं. या पद्धतीत नाव कंपनीचं नसतं, जमिनीचं असतं. ठरवून दिलेल्या गावांच्या हद्दीत पिकलेलं, 100 टक्के आयोर्यितिको, आणि वाईन लाल, तरच बाटलीवर नेमेआ लिहायचं. त्याच मळ्यातल्या त्याच द्राक्षाची रोझे केली की ते नाव गेलं, मग दुसऱ्या, मोठ्या प्रदेशाच्या नावाखाली विका. शेजारच्याने दहा टक्के काबेर्ने ही दुसरी जात मिसळली, नाव गेलं. आपल्याकडे नाशिक व्हॅली वाईनला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय त्याचीच ही जास्त कडक आवृत्ती.

पण कायद्यात एक मोठं भगदाड आहे असं मला वाटतं. वर सांगितलेले ते तीन पट्टे कायद्याला माहीतच नाहीत. तळाची असो, माथ्याची असो, सगळी नेमेआ. त्यामुळे त्याच नावाखाली स्वस्तातली बेचव बाटलीही मिळते आणि अप्रतिमही मिळते, आणि ग्राहक गोंधळतो. पट्टे वेगळे करा अशी चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे पण ज्याची जमीन तळात आहे तो कशाला हो म्हणेल. म्हणून खरेदी करताना नुसतं नेमेआ वाचून थांबू नका, मळ्याचं किंवा गावाचं नाव दिलंय का, उंची दिलीय का ते बघा.

आणि ही जी बाटलीतली नेमेआ आहे ती खरं तर फार नवी. एकोणिसाव्या शतकात या सगळ्या किनारपट्टीचं सोनं होतं बेदाणे, बारीक काळ्या मनुका. फ्रान्सच्या द्राक्षबागा फायलोक्सेरा किडीने संपवल्या तेव्हा फ्रेंच लोक ग्रीसचे बेदाणे नेऊन त्याची वाईन करायला लागले, भाव चढले, लोकांनी मिळेल तिथे मनुकेच लावले, मग फ्रान्सच्या बागा सावरल्या, त्यांनी कर लावला आणि 1893 मध्ये बाजार कोसळला. हजारो माणसं पेलोपोनीज, म्हणजे नेमेआ ज्यात येतं तो ग्रीसचा दक्षिणेकडचा द्वीपकल्प, सोडून अमेरिकेला गेली. कांद्याचा भाव पाहिलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगायला नको. नेमेआत शेतकऱ्यांनी 1937 मध्ये सहकारी वायनरी काढली, द्राक्ष तिला घालायचं किंवा घरी पिंपात वाईन करायची आणि सुटी विकायची, असं बराच काळ चाललं. 1980-90 च्या दशकात शिकून आलेले वाईनमेकर आणि काही घराणी स्वतःच्या नावाने बाटल्या भरायला लागली, आणि तेव्हा कुठे जगाला नेमेआ कळली.

इथे महाराष्ट्राशी एक खरा धागा आहे. याच कॉरिंथ जिल्ह्यात खायच्या द्राक्षांत सुलतानिना जात मोठ्या प्रमाणावर होते, आणि सुलतानिना म्हणजेच आपली थॉमसन सीडलेस, जिच्यातून तासगावची तास-ए-गणेश निवडली गेली. फरक हवामानाचा. तिकडे हिवाळ्यात वेल झोपते, वर्षात एक छाटणी, एक पीक, सप्टेंबर ते ऑक्टोबर तोडणी. आपल्याकडे वेल झोपतच नाही म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन कराव्या लागतात. पण शेवटच्या महिन्यात आभाळाकडे बघत बसणं दोन्हीकडे सारखंच. नेमेआत सप्टेंबरचा पाऊस आला की घडाला बुरशी, 2002 मध्ये अशाच पावसाने तिथल्या पिकाची पार वाट लावली होती. वर आयोर्यितिकोच्या जुन्या बागांमध्ये विषाणूचा त्रास आहे, पानं लालसर होऊन गुंडाळतात आणि फळ नीट पिकत नाही, त्यामुळे सध्या निरोगी कलमं निवडून नव्या बागा लावायचं काम चालू आहे. ब्राँझच्या शेळीची जागा आता रोपवाटिकेने घेतलीय एवढंच.

जायचं असेल तर सप्टेंबरच्या सुरुवातीला जा, तेव्हा वायनऱ्या लोकांसाठी खुल्या ठेवायचा उत्सव असतो, आणि थोडं उशिरा गेलात तर रस्त्यावर द्राक्षांनी भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागे गाडी हळू चालवायची तयारी ठेवा. देऊळ, म्युझियम आणि स्टेडियम अर्ध्या दिवसात आरामात होतं, मायसीनी हे कांस्ययुगातलं प्रसिद्ध ठिकाण तिथून फार लांब नाही, त्यामुळे एका दिवसात दोन्ही उरकणारे लोक खूप. म्युझियममध्ये एइदोनियाच्या थडग्यांतले दागिने जरूर बघा, हे शेजारचंच गाव, तिथल्या मायसीनियन काळातल्या थडग्यांवर 1970 च्या दशकात चोरांनी डल्ला मारला, माल 1993 मध्ये थेट न्यूयॉर्कमध्ये विक्रीला आलेला सापडला आणि ग्रीसने भांडून 1996 मध्ये तो परत आणला. वाईन चाखायला बसलात की एकाच वायनरीची तळाची आणि डोंगरावरची अशा दोन्ही मागवा, आधी तळाची प्या. सोबत टोमॅटोत शिजवलेलं मटण मागवा. आणि ड्रायव्हरला देऊ नका, तिकडचे घाटरस्ते वळणाचे आहेत.